कन्यादानाचा फोटो

लग्न रविवारी झालं आणि कॅमेऱ्याचं कार्ड मंगळवारी उघडलं. म्हणजे उघडलंच नाही. आदिनाथनं ते रीडरमध्ये घातलं, तर संगणकावर पाटी आली की हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का? त्याला वाटलं, नीट बसलं नसेल. काढून, शर्टाला पुसून पुन्हा घातलं. पुन्हा तीच पाटी.

"धने, इकडं बघ जरा," तो म्हणाला.

शेजारच्या टेबलावर त्याची बायको धनश्री कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे फोटो नीट करत बसली होती. ती उठून आली, पाटी वाचली आणि आधी त्याचा हात माउसवरून बाजूला केला.

"कशालाच हो म्हणू नको. काय आहे ह्याच्यात?"

"तोडमलांच्या लग्नातलं दुसरं कार्ड."

"आणि पहिल्यावर?"

"हळद, साखरपुडा, नवरदेवाची मिरवणूक. मंगलाष्टकांपासून पुढचं सगळं ह्याच्यावर."

सगळं म्हणजे अक्षता, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी. म्हणजे लग्नच. रविवारी थकून आल्यावर त्यानं कार्ड पिशवीत तसंच ठेवलं होतं, कारण सोमवारी देवळालीला जावळाचं काम होतं आणि सकाळी लवकर निघायचं होतं. धनश्री त्यावरून त्याला एका शब्दानं बोलली नाही. तो स्वतःच खुर्चीत मागं रेलून दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसला होता.

राहुरीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत दोघांचा स्टुडिओ होता. फोटो काढायचे आदिनाथनं आणि नीट करायचे धनश्रीनं. मुरमं पुसायची, स्टेजमागच्या वायरी घालवायच्या, एखाद्या मामाचे डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवायचे, मंडपाच्या जांभळ्या लाइटनं निळ्या पडलेल्या बायका पुन्हा माणसाच्या रंगावर आणायच्या. गावात लोक गमतीनं म्हणायचे, फोटो काढतो आदिनाथ, पण माणसं गोरी करते धनश्री. तिला त्याचा राग यायचा नाही. खरंच होतं ते.

पण न वाचणाऱ्या कार्डाला ती काही करू शकत नव्हती. नगरच्या ओळखीच्या दुकानदारानं हात टेकले. त्यानं पुण्यातल्या एका माणसाचा पत्ता दिला, की असल्या कार्डातून तो काहीतरी काढून देतो, पण किती निघेल ते सांगत नाही. आदिनाथ बुधवारी पुण्याला जाऊन कार्ड देऊन आला.

"तोडमलांना सांगून टाक," धनश्री म्हणाली. "उशीर करशील तितकं वाईट."

गोरक्ष तोडमल मुळा कालव्यावर पाटकरी होते. पाणी सुटलं की दारं उघडायची, ज्याची पाळी असेल त्याच्या चारीला पाणी द्यायचं, भांडणं सोडवायची. कमी बोलणारा, उंच, हाडकुळा माणूस. ज्ञानेश्वरी त्यांची एकुलती लेक. लग्नाच्या फोटोंचं ठरवायला ते स्टुडिओत आले तेव्हा दारातच उभे राहून म्हणाले होते, "व्हिडिओ-बिडिओ नको. फोटो तेवढे झ्याक काढा." एवढंच. त्या वेळी धनश्री माहेरी होती. लग्नालाही ती गेली नव्हती. त्यामुळं तिनं गोरक्षअण्णांना कधी पाहिलंच नव्हतं.

आदिनाथ गुरुवारी त्यांच्या वस्तीवर गेला. जाताना त्यानं मनात सगळी जुळणी केली होती. नवरा-नवरीला त्याच कपड्यांत पुन्हा बोलवायचं, तोच मंडपवाला, तोच पडदा, आई-बाप शेजारी बसवायचे, भटजींनाही हातापाया पडून आणायचं. अण्णा बोलतील, बोलू देत.

पण अण्णा घरी नव्हते. रब्बीचं पाणी सुटलं होतं.

"पाटावर हाईत," त्यांची बायको चांगुणाबाई म्हणाल्या. "काय काम हुतं?"

"फोटोचं जरा बोलायचं होतं. उद्या येतो मी."

"या की. चहा तरी घिऊन जावा."

चहा पिऊन तो परत आला. त्याच संध्याकाळी गोरक्ष तोडमल मोटारसायकलवरून घरी निघाले. कारखान्याकडं जाणारी उसाची ट्रॉली चाक बसल्यामुळं रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नाही, लाल फडकं नाही, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर. नगरला नेता नेता विळद घाटातच ते गेले.

आदिनाथ मातीला जाऊन आला आणि अंघोळ करून बसला. "आता कसं सांगू?" एवढंच तो म्हणाला.

पुण्याच्या माणसानं पुढच्या आठवड्यात जे निघालं ते पाठवलं. धनश्रीनं एकेक फोटो उघडायला सुरुवात केली. जेवणावळीचे बरेच फोटो धडधाकट होते. आइस्क्रीम खाणारी पोरं, पाणी वाढणारी मंडळी, कुणाची तरी पाठमोरी साडी. अक्षतांचे थोडे निघाले. पण विधीचे फोटो बहुतेक अर्धेच होते. वरचा भाग नीट दिसायचा आणि मग एका ठिकाणी सरळ रेघ येऊन खालचं सगळं करडं. जणू कुणी राखेनं सारवलंय. काहींत रंगांचे पट्टे होते. आणि जे आदिनाथनं कॅमेरा उभा धरून काढले होते, त्यांत ती करडी बाजू खाली न येता डावीकडं आली होती. कन्यादानाला गोरक्षअण्णा डावीकडं बसले होते.

तिनं कन्यादानाचे सगळे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. उभ्या फोटोंत ज्ञानेश्वरी होती, नवरदेव हर्षल होता, हातात तांब्या धरलेल्या चांगुणाबाई होत्या आणि करड्यातून बाहेर आलेले अण्णांचे दोन हात होते, मनगटापर्यंत. आडवा फोटो एकच निघाला होता. त्यात अण्णांचा फेटा होता, कपाळ होतं, भुवया होत्या. भुवयांच्या खाली राख.

"एवढंच?" आदिनाथनं मागून विचारलं.

"एवढंच."

दहावा-तेरावा झाल्यावर दोघं वस्तीवर गेले. ज्ञानेश्वरी पुणतांब्याहून, सासरहून, आलेलीच होती. ओसरीत चटईवर बसून आदिनाथनं काही न लपवता सगळं सांगितलं. कार्ड कसं गेलं, त्या दिवशी चहा पिताना आपल्याला काय सांगायचं होतं, सगळं.

त्याला वाटलं होतं, बाई बोलतील. चांगुणाबाई नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मानसाचं काय खरं न्हाई, तर मशीनचं काय घिऊन बसलास बाबा. तू काय मुद्दाम केलं व्हय?"

हे ऐकून आदिनाथला रडूच आलं. तो उठून अंगणात गेला.

"पन कन्यादानाचा तरी हाय ना एखादा?" त्यांनी धनश्रीला विचारलं. "तेवढा एकच दे बाई. आमी दोघांनी बरुबर बसून कवाच फोटो काढला न्हाई. त्यास्नी आवडायचं न्हाई. त्या दिवशी भटजीनं बसवलं म्हून बसले."

धनश्रीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "देते मावशी. करते मी."

गाडीवर परत येताना आदिनाथनं विचारलं, "कुठून देणार?"

"बघू."

तिनं फोटो जोडायला घेतले. आडव्या फोटोतला फेटा आणि भुवया, उभ्या फोटोतले हात आणि बाकी माणसं. सदरा अक्षतांच्या फोटोतून मिळाला, पण त्यात अण्णांचं तोंड अक्षता टाकणाऱ्या हातांआड होतं. मधे चेहरा हवा होता. पहिल्या कार्डावर हळदीचे फोटो होते, पण गोरक्षअण्णा कॅमेरा आला की सरकून बाजूला जाणारे. एकात पाठमोरे, एकात पातेलं उचलताना खाली वाकलेले. नीट समोरून असा एकच फोटो मिळाला. कुणीतरी त्यांच्या गालाला हळद फासली होती आणि ते दचकून हसले होते. सगळे दात दिसत होते, डोळे बारीक झाले होते.

तिनं तो चेहरा उचलला. गालावरची हळद काढली. हळद उन्हात झाली होती आणि कन्यादान मंडपातल्या दिव्यांत, म्हणून उजेड कमी केला, फेट्याची सावली कपाळावरून खाली ओढली. मान थोडी झुकवली. पण हसू जाईना. ओठ मिटवायचा प्रयत्न केला की हनुवटी दुसऱ्याच कुणाची तरी दिसायची.

नवं सॉफ्टवेअर होतं. करड्या भागाभोवती नुसती रेघ मारून सांगितलं की उरलेला चेहरा ते आपणच भरून काढायचं. तिनं तेही करून पाहिलं. त्यानं पांढरेशुभ्र एकसारखे दात आणि कोरीव मिशी असलेला एक तुकतुकीत माणूस तिथं बसवला.

"हा कुठला पुढारी आणला?" आदिनाथ म्हणाला. "चौकातल्या फ्लेक्सवरचा वाटतोय."

दोघंही हसले आणि धनश्रीनं लगेच तो चेहरा पुसून टाकला.

"तू सांग ना," धनश्री म्हणाली. "तू समोर होतास. त्या वेळी कसे दिसत होते ते?"

आदिनाथनं पडद्याकडं बघितलं. "खरं सांगू? मी फोकस बघत होतो. मागचा दिवा जास्त पडत होता, तो बघत होतो. मंडपवाल्याला हातानं सांगत होतो की पंखा हलव. चेहरा..." तो थांबला. "तिथं होता एवढं माहिती आहे."

शेवटी तिनं हळदीतलाच चेहरा ठेवला. कातडीचा रंग जुळवला, फेट्याची कड केसांपाशी बेमालूम बसवली. फोटोत आता गोरक्ष तोडमल लेकीचं कन्यादान करताना मनापासून हसत होते. काम म्हणून बघितलं तर ते चांगलं झालं होतं. माहीत नसलेल्या माणसाला कळलं नसतं.

मायलेकी फोटो बघायला स्टुडिओत आल्या. धनश्रीनं पडद्यावर फोटो मोठा केला आणि खुर्ची मागं घेतली. चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग उठून पडद्याजवळ गेल्या आणि बोटानं फेट्याला शिवल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "आगं बाई, हेच गं. कसे हसत्यात बघ ज्ञाना. मला तर कळलंच न्हाई, माझं ध्यान समदं तांब्याकडं."

आईचे डोळे पुसून झाल्यावर ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली, "ताई, अण्णा हसत नव्हते. रडत होते."

"न्हाई गं," चांगुणाबाई म्हणाल्या.

"आई, रडत होते."

"ते कुठं रडत्यात? त्यांची आई गेली तवा रडले न्हाईत. बांधावरनं डोसकं फुटलं तवा रडले न्हाईत. तुझं आपलं कायतरी."

"माझ्या हातावर पडलं होतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तू पाणी सोडत होतीस ते गार होतं. मधेच एक थेंब गरम पडला. मी वर बघितलं. ते खाली बघत होते, डोळे भरलेले. मी बघितलं म्हणून त्यांनी मान फिरवली."

"तुझ्याच डोळ्यातलं पडलं आसंल. तू तर सकाळधरनं रडत हुतीस."

"माझ्या डोळ्यातलं मला कळत नाही का?"

चांगुणाबाईंनी धनश्रीकडं पाहिलं. म्हणाल्या, "तूच सांग बाई." पण धनश्री काय सांगणार? ती तर तिथं नव्हती.

त्या दिवशी काही ठरलं नाही. मायलेकी निघून गेल्यावर धनश्रीनं मनाशी घेतलं की कुणाच्या तरी मोबाइलमध्ये तो क्षण असणारच. हल्ली लग्नात बघणाऱ्यांपेक्षा शूटिंग घेणारेच जास्त. ती लग्नातल्या नातेवाइकांना फोन करत बसली. लोकांनी आनंदानं पाठवलं. नवरदेव घोड्यावर, नवरी स्टेजवर येताना, अक्षतांचा पाऊस, वरातीतला नाच. कन्यादानाचं कुणाकडं काही नव्हतं. अक्षता पडल्यावर सगळे जेवायला गेले होते. विधीपाशी भटजी, घरची चार माणसं आणि फोटोवाला एवढेच उरतात, हे तिला माहीत असायला हवं होतं. एका व्हिडिओत, गुलाबजाम खाणाऱ्या एका बाईच्या खांद्यावरून, लांब मंडपात एक गुलाबी फेटा दिसत होता. तिनं तो थांबवून मोठा केला. चौकोन चौकोन झाले. त्यात डोळे शोधणं म्हणजे मातीच्या ढेकळात शोधण्यासारखं होतं.

मग तिनं रडणं तयार करायला घेतलं.

हे काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. रडून फुगलेले डोळे बारीक करणं, पाठवणीच्या फोटोत वाहून गेलेलं काजळ पुसणं, नाकाचा लालपणा कमी करणं, हे ती रोज करायची. लोकांना तेच हवं असतं. आता उलटं करायचं होतं. तिनं डोळ्यांच्या कडा तांबूस केल्या, खालच्या पापणीवर ओल ठेवली, गालावर एक बारीक चमक ओढली. अण्णा कांदा चिरून उठल्यासारखे दिसायला लागले. दातांवर सावली टाकून तिनं हसू दाबलं, तर नाटकातला माणूस दिसायला लागला.

तिनं एकेक करून ज्ञानेश्वरीला पाठवले. प्रत्येक वेळी थोड्या वेळानं उत्तर यायचं. "हे नाही ताई." किंवा नुसतंच "नाही." एकदा ज्ञानेश्वरीनं फोनच केला.

"तोंड वाकडं नव्हतं झालं," ती सांगत होती. मागं सासरच्या घरात भांड्यांचे आवाज येत होते. "म्हणजे तुम्हाला कळलंही नसतं. नेहमीसारखाच चेहरा, फक्त... कसं सांगू? दाबून धरल्यासारखा."

"ओठ मिटलेले?"

"हो. नाही... आता नक्की आठवत नाही. नाक ओढलं होतं एकदा. ताई, तुम्हाला त्रास होतोय का माझा?"

"नाही गं. सांग तू."

"त्याहून जास्त काही नाही सांगता येत."

धनश्रीनं आदिनाथला समोर बसवलं, मान खाली घालायला लावली आणि कपाळावरच्या आठ्या कशा पडतात ते बघितलं. पण आदिनाथचा चेहरा गोल होता. शेवटी तिनं पुन्हा त्या नव्या सॉफ्टवेअरला सांगून पाहिलं, की हा माणूस रडतोय असा कर. क्षणभरानं पडद्यावर गोरक्ष तोडमल तोंड उघडून, गळ्याच्या शिरा ताणून हंबरडा फोडत होते. त्यांचाच फेटा, त्यांच्याच भुवया. बाजूला लेकीच्या ओंजळीवर हात धरलेले.

धनश्रीनं झटक्यात पडदाच बंद केला. मेलेल्या माणसाला आपण काय करायला लावलं, असं तिला झालं. त्यानंतर तिनं तो चेहरा पुन्हा बदलायला घेतला नाही.

तिकडं सासरची मंडळी अल्बमसाठी विचारत होती. पाहुण्यांना दाखवायला काही नाही म्हणत होती. हर्षलचे वडील फोनवर आदिनाथला चांगलं बोलले, पण दर दोन दिवसांनी बोलले. चांगुणाबाईंचाही निरोप आला, "तो हसरा हाय तोच करा. चांगला हाय." मग हसरा चेहराच छापला गेला. अल्बममध्ये मधलं अख्खं पान त्याला दिलं. चांगुणाबाईंनी त्याची मोठी फ्रेम करून घेतली आणि देवघराशेजारी लावली. येणारे-जाणारे बघायचे आणि म्हणायचे, माणूस किती समाधानानं गेला.

पुढं दीड-दोन महिन्यांनी, भर दुपारी, ज्ञानेश्वरी एकटीच स्टुडिओत आली. एसटीनं आली होती. चेहरा उन्हानं लाल झाला होता. धनश्रीनं पंखा मोठा केला, पाणी दिलं. आदिनाथ आत लाइट दुरुस्त करत होता, तोही बाहेर आला.

"ताई, एक काम होतं," ती म्हणाली. "माझ्या अल्बममधलं ते पान बदलून द्याल? त्या फोटोतून अण्णांना काढून टाका."

"काढून टाकू?"

"हो. तिथं काही पण करा. फुलं लावा, पडदा लावा."

"अगं, वेडी का तू?"

ज्ञानेश्वरीनं ग्लास खाली ठेवला. "पहिल्यांदा मला कळायचं, की हा खोटा आणि तो खरा. आता डोळे मिटले की हाच येतो, हसणारा. कन्यादान आठवायला गेलं की हाच. तो दुसरा येतच नाही ताई. मी रोज बसते आठवत. तो थेंब आठवतो. तोंड आठवत नाही."

धनश्रीनं संगणक सुरू केला. पुण्याहून आलेला मूळ फोटो तिनं उघडला, भुवयांपर्यंतचा, खाली करडा. "हा घे मग," ती म्हणाली. "ह्याला मी हात लावलेला नाही. हाच छापून देते."

ज्ञानेश्वरी उठली. पडद्याच्या अगदी जवळ गेली. धनश्रीला वाटलं, हेच हिला हवं होतं.

"ह्याच्यात तर काहीच नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि मागं सरकली.

मग ती आदिनाथकडं वळली. "दादा, तुम्ही तर समोरच होतात. फोटो काढताना तुम्हाला दिसलं असेल ना? रडत होते ना अण्णा?"

आदिनाथ हातात पाना घेऊन उभा होता. धनश्री त्याच्याकडं बघत होती. तिला मनातून वाटत होतं, हो म्हण. एवढं एक खोटं बोल. आपण दिवसभर दुसरं काय करतो?

"हो," आदिनाथ म्हणाला. "रडत होते. दिसलं मला."

ज्ञानेश्वरीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"कुठल्या डोळ्यातून पडलं?" तिनं विचारलं.

"डाव्या," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची नजर खाली गेली.

"राहू द्या दादा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हाला नाही आठवत."

धनश्री चहा ठेवते म्हणाली, पण तिला पुढच्या गाडीनं जायचं होतं. सासरी आईकडं जाऊन येते असं सांगून आली होती आणि आईकडं जायचं होतंच. पान बदलायचं काय, असं विचारल्यावर ती दारातून म्हणाली, "नका बदलू. घरात विचारतील, काय सांगू?" पिशवी खांद्याला अडकवून ती स्टँडकडं चालायला लागली. आदिनाथ पाना टेबलावर ठेवून आत निघून गेला.

आठवड्याभरानं चांगुणाबाईंचा फोन आला. कन्यादानाच्या फोटोची एक लहान प्रत हवी होती, बहिणीला द्यायला.

"आन् आता ज्ञानाला बी पटलंय बरं का," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खूप दिवसांनी हुशारी आली होती. "परवा आली हुती. फ्रेमीम्होरं लई येळ बसली. मग मलाच म्हनली, आई, तुझंच खरं आसंल. न्हवते रडले."

धनश्रीनं फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"आईकतीस ना बाई?"

"हो मावशी."

"मग कवा घ्यायला येऊ?"

"उद्या या," धनश्री म्हणाली. तिनं हसरा फोटो उघडला, लहान केला आणि छपाईला पाठवला.